राणीचं एक वाक्य

मुकुटाच्या आतल्या बाजूला टोचणारी टाचणी — तिनं अंगठ्यानं चाचपून ती वाकवली, मुकुट राणीचं काम करणारीच्या हातात दिला आणि मगच पहिल्या रांगेत बसलेल्या सरांकडं पाहिलं. नाटक हजारो वर्षांपूर्वीचं, भाषांतर सरांचं. आणि मुलगा रणात पडल्याची बातमी आल्यावर राणी जो दीड पान विलाप करते, तो तिनं, दिग्दर्शिका म्हणून, सरळ कापलेला. त्या जागी एकच वाक्य.

"जेवून गेला होता का तो?" राणी म्हणाली.

विंगेत कुणीतरी फिस्सकन हसलं.

"ऐकलंस?" सर उठलेच. "लोकांना कळावं म्हणून शोक इतका खाली आणायचा?"

"खाली म्हणजे कुठं, सर? तिथं माणसं राहतात."

"संध्याकाळच्या प्रयोगात माझा विलाप तरी असेल, नाहीतर फलकावर माझं नाव नसेल."

"बरं. नाव काढायला सांगते."

स्वतःचाच आवाज तिला परका वाटला — ज्यांच्याकडून नाटक वाचायला शिकली त्यांना असं ताडकन... पण आता मागं हटायचं नव्हतं. दीड पान! कुणाची आई बोलते दीड पान? धाकटा भाऊ अपघातात गेल्याचा फोन आला तेव्हा आई ओट्याशी उभी होती, हातातला डाव हातातच, आणि तिनं एवढंच विचारलं होतं — जेवून गेला होता का तो... मग कितीतरी दिवस काहीच नाही. ते वाक्य हिच्या कानात घर करून बसलेलं. सरांच्या सगळ्या छंद-वृत्तांना पुरून उरलेलं. हसणाऱ्यांनी खुशाल हसावं.

सर तरातरा निघून गेले. फोन वाजला. आई.

"निघतेय गं. पण मला कळेल का ते राजाराणीचं? नाहीतर उगाच जागा अडवायची."

"कळेल, आई."

फोन ठेवून ती रंगमंचाकडं वळली. महिनाभर ती सगळ्यांशी भांडत आली होती — कळलं पाहिजे, शेवटच्या रांगेतल्या माणसालाही कळलं पाहिजे. आणि आज पहिल्यांदाच तिला त्या कळण्याची धास्ती वाटली. तुझं वाक्य घेऊ का, असं आईला विचारलं नव्हतं... विचारणारही नव्हती. वाक्य कापलं की आईचं दुःख पुन्हा कुणाच्या तरी दीड पानाखाली गाडलं जाणार, आणि ते तिला मान्य नव्हतं — धास्ती वाटत असूनही, किंवा वाटत होती म्हणूनच, नव्हतं.

"पुन्हा तिथूनच घे," ती राणीला म्हणाली. "मोठ्यानं."

हे म्हणताना तिचा स्वतःचा आवाज कापत होता. तिनं तो कापू दिला.