पैकीच्या पैकी

“खिजरभाई, तुम्ही जरा बाहेर थांबा ना,” तेजस्वी म्हणाली, तसा खिजर खुर्चीवर आणखीच ऐसपैस बसला.

“माझ्याच पोरीचा कागुद भरायचा आन् मीच भायेर? ह्यो कुठला कायदा काढलासा, ताई?”

“कायदा कसला? मुलांनी हा फॉर्म एकट्यानं भरायचा असतो. आईवडील शेजारी बसले की मुलं त्यांच्या तोंडाकडं बघून उत्तरं देतात.”

“आमची शबनूर न्हाई तसली. विचारा तिलाच.”

शबनूर पेनाचं टोपण काढत होती आणि परत लावत होती. वर न बघताच ती म्हणाली, “बसा की भायेर, अब्बा. मी भरतो की.”

लेकीनंच सांगितल्यावर इलाज उरला नाही. खिजर उठला, पण जाता जाता तेजस्वीला ऐकवायचं सोडलं नाही. “मागच्या चारी टायमाला सिस्टरनी मला चहा देऊन हितंच बसवलतं. पोरीला पाचपैकी पाच पडलं हुतं समद्यात.”

हे मात्र खरं होतं. पाठीच्या कण्याला बाक आलेल्या मुलांसाठी या दवाखान्यात दर सहा महिन्यांनी एक कागद भरून घेत. पाठ किती दुखते, आरशात बघून कसं वाटतं, मैत्रिणींत मिसळता का, असे वीस-बावीस प्रश्न आणि प्रत्येकाला एक ते पाच असे गुण; पाच म्हणजे सगळं उत्तम. एक्स-रे कण्याचा बाक दाखवतो, पण पोर जगतंय कसं ते दाखवत नाही, म्हणून हा खटाटोप. बाकीच्या आईबापांना सिस्टर बाहेर काढत. खिजर पडला घरचा माणूस, त्याला कोण उठवणार? सिस्टर प्रश्न वाचायच्या, खिजर “पाच लिवा” म्हणायचा, आणि शबनूर मान हलवायची.

खिजर मूळचा रिक्षांचे हूड शिवणारा. कोल्हापुरात रिक्षा नुसती चालून भागत नाही, ती दिसावी पण लागते; सुंदर रिक्षांच्या स्पर्धेत त्यानं शिवलेल्या हुडांनी चार वेळा बक्षीस मारलं होतं. पुढं दवाखान्याच्या वर्कशॉपला गाद्या आणि बंद शिवणारा माणूस हवा होता, तेव्हा तिथल्या पिराजीनं त्याला ओढून आणलं. पिराजी पोरांच्या अंगाचा प्लॅस्टरचा साचा घ्यायचा, त्यावरून कणा धरून ठेवणारा, छातीपासून कमरेपर्यंतचा प्लॅस्टिकचा पट्टा काढायचा. त्याला आतून फोमच्या गाद्या आणि मागून बंद-बकलं लावायचं काम खिजरचं. गगनबावड्यापासून राधानगरीपर्यंतची पोरं त्याच्या हातचे पट्टे घालून शाळेत जायची. चार वर्षं त्यानं दुसऱ्यांच्या पोरांना पट्टे शिवले, आणि मग शबनूर बारा वर्षांची असताना तिचाच एक खांदा खाली उतरलेला त्याच्या बायकोला, शाहिस्ताला, वेणी घालताना दिसला.

तो पट्टा शिवताना त्यानं जीव ओतला. आतल्या गादीला मऊ अस्तर लावलं, कडेला गुलाबी रेक्झिनची किनार मारली. वर्कशॉपमध्ये येईल त्याला तो सांगायचा, “असला पट्टा कोल्हापुरात दुसऱ्या कुणाचा न्हाई. माझ्या पोरीला तर घातलाय ह्येबी कळत न्हाई.” दिवसातले वीस-बावीस तास ती तो घालायची. सव्वादोन वर्षांत एकदाही तिनं कुरकुर केली नव्हती. खिजरला त्याचा कोण अभिमान!

पाऊण तासानं दार उघडलं. शबनूर बाहेर आली.

“कसा गेला पेपर?”

“सोप्पा हुता,” ती म्हणाली आणि दप्तर उचलून शाळेला गेली.

त्या दिवशी सहा मुलांचे कागद भरून झाले. तेजस्वी कॉलेजातून अभ्यासासाठी आलेली, तिला दवाखान्यात स्वतःचं कपाट नव्हतं. वर्कशॉपच्या कपाटाला कुलूप होतं. तिनं कागदांची फाइल खिजरच्या हातात दिली.

“उद्या नेते. कुणाला दाखवू नका हं. मुलांना मी शब्द दिलाय.”

“बिनघोर जावा,” खिजर म्हणाला, आणि म्हणताना ते मनापासूनच म्हणाला.

पण चार वाजता पिराजी चहाला खाली उतरला आणि खिजरच्या मनानं घात केला. नुसते गुण तर बघायचे, त्यात काय बिघडलं? निकालाच्या दिवशी बाप शाळेत जात नाही का? सिस्टरसमोर पैकीच्या पैकी घेणारी पोर, एकटीनं किती घेतले असतील! त्यानं कपाट उघडलं.

कागदांवर नावं नव्हती, नुसते नंबर. वय चौदा, पट्टा सव्वादोन वर्षं, असा एकच कागद होता. अक्षरही ओळखीचं. पाठ किती दुखते, या प्रश्नापुढं दोनवर खूण होती. त्याला वाटलं, पोरगी उलटीकडून मोजत बसली. मग आरशाचा प्रश्न आला, तिथं एक. उदास वाटतं का, तिथं ‘बहुतेक वेळा’. पुढचा प्रत्येक प्रश्न त्यानं बोट ठेवून वाचला. पाच कुठंच नव्हते.

शेवटी ‘आणखी काही सांगायचे असल्यास’ असं छापून तीन ओळींची जागा सोडली होती. शबनूरला ती पुरली नव्हती. तिनं कडेनं, बारीक अक्षरात लिहिलं होतं:

‘बरगडीपाशी सारखं दाबून दुखतं. झोपेत कूस बदलली की प्लॅस्टिक करकरतं आणि अब्बा उठून बसतात, म्हणून मी जाग आली तरी हलत नाही. शाळेत कुणी माझ्या गळ्यात हात टाकत नाही, टणक लागतं म्हणतात. हे अब्बांना सांगू नका. पट्टा त्यांनी शिवलाय. त्यांना वाटतं, मला कळतसुद्धा नाही.’

खिजरनं कागद होता तिथं ठेवला, फाइल आत सारली, कुलूप लावलं आणि ते लागलंय का म्हणून दोनदा ओढून बघितलं. मग तो शिलाई मशीनपुढं जाऊन बसला. मशीन चालू केलं नाही.

पिराजी वर आला. “काय रं, पोरीचा कागुद भरला न्हवं आज? किती पडलं?”

“पैकीच्या पैकी,” खिजर म्हणाला.

थोड्या वेळानं त्यानं हातातल्या बकलाशी खेळत विचारलं, “पिराजी, एखाद्या पोराला बरगडीपाशी लई दाबत आसंल, तर तिथली गादी काढली तर चालंल?”

“यडा का खुळा तू? दाबायसाठीच ती गादी हाय की. काढली तर पट्टा घालायचाच कशापायी? कड काचत आसंल तर घासून दे. दाब काय कमी करायचा न्हाई. वाढ थांबूस्तवर सोसायचंच. कुणाचं पोर?”

“हाय एक. गगनबावड्याकडचं.”

“सांग त्येच्या बापाला, जीव घट्ट कर म्हणावं. बाक पंचेचाळीस डिग्रीच्या वर गेला म्हंजे मग ऑपरेशन. आपल्या शबनूरचं बघ की, अडतीसवर थांबलंय न्हवं? का थांबलंय? पट्टा खुणंवर आवळतोस म्हणून थांबलंय.”

खिजरनं मान हलवली. हे सगळं तो स्वतःच सहा वर्षं लोकांना सांगत आला होता, आणि सांगताना त्याला कधी काही वाटलं नव्हतं.

संध्याकाळी घरी शबनूर भाकरी मोडून खात होती. शाहिस्ताशी कसल्यातरी सहलीवरून वाद घालत होती, मध्येच हसत होती. तो तिच्याकडं बघत राहिला. हिला विचारावं, सगळं बोलावं, माफी मागावी, असं त्याच्या अगदी ओठांवर आलं. पण विचारायचं म्हणजे कागद वाचल्याचं सांगायचं. मग ही पोर पुन्हा कुठल्या कागदावर खरं लिहील? सव्वादोन वर्षांत तिला एकच जागा सापडली होती, आणि तिथंही बाप चोरपावलांनी जाऊन आला होता. त्याला स्वतःची शरम वाटली. आणि दुसरीही एक गोष्ट त्याच्या लक्षात आली. सव्वादोन वर्षांत लेकीच्या पाठीवर त्याचा हात गेला होता तो फक्त बकलं तपासायला.

“काय बघायलाय, अब्बा?”

“काय न्हाई. खा.”

सकाळी ती आंघोळीला गेली तेव्हा त्यानं पट्टा मांडीवर घेतला. आतून बोट फिरवून बरगडीपाशी आला. कड कुठं काचत नव्हती. काम अगदी बिनचूक होतं. एखादा दोष सापडला असता तर त्यानं आनंदानं घासून काढला असता. त्यानं गादीच्या शिवणीत कात्रीचं टोक घातलं, थोडा वेळ तसंच धरलं आणि काढून घेतलं.

शबनूर बनियन घालून त्याच्यापुढं पाठमोरी उभी राहिली, हात वर करून. त्यानं पट्टा चढवला. खालचा बंद ओढला, मधला ओढला. वरच्या बंदावर, कुठवर आवळायचं त्याची, पेनानं केलेली खूण होती. तिथपर्यंत येता येता त्याचा हात थांबला. त्यानं बक्कल एक बोटभर अलीकडंच लावलं.

“झालं. जा.”

शबनूर हलली नाही. तिनं अंग जरासं डावीउजवीकडं करून बघितलं.

“ढिल्ला ऱ्हायलाय, अब्बा. एक बोट.”

“ऱ्हाऊ दे आजच्या दिस.”

“न्हाई न्हाई, ओढा की.” ती मान न वळवता म्हणाली. “मला कुठं काय हुतंय?”

बकलं पाठीमागं असतात हे एक बरं होतं. त्याचं तोंड तिला दिसत नव्हतं. त्यानं एक हात तिच्या पाठीला टेकवला, दुसऱ्या हातानं बंद धरला, आणि खुणेपर्यंत ओढला.