गोदाबाईंनी स्वतः भरलेला फॉर्म

घरातले सगळे फॉर्म रंगराव भरायचे. रेशनकार्ड, गॅस, बँक, विमा. गोदाबाई खाली फक्त सही करायच्या. पाटबंधारे खात्यात हयात गेलेली, त्यामुळे रिकामा रकाना दिसला की रंगरावांचा हात शिवशिवायचा. याच हौसेपायी दोन हजार साली त्यांनी बायकोच्या व्हिसाच्या फॉर्मवर दोन ठिकाणी दोन जन्मतारखा ठोकून दिल्या. व्हिसा नामंजूर झाला आणि रंगराव एकटेच न्यू जर्सीला, सॉफ्टवेअरवाल्या मुलाकडे सहा महिने राहून आले.

त्याला आता सहा वर्षं झाली होती. नात श्रद्धा मानसशास्त्राचं एम.ए. करत होती. रविवारी दुपारी ती आजी-आजोबांकडे बिबवेवाडीला आली ती प्रश्नावली घेऊनच. तुमची प्रेमाची रीत कोणती आणि कोणत्या वयात किती समाधानी होतात, दहापैकी गुण द्या. नुकतेच जेवून उठलेल्या रंगरावांनी स्वतःचा फॉर्म भरला आणि त्याच दमात बायकोचाही. स्वतःची रीत वेड्या प्रेमाची, बायकोची त्यागाची. समाधान दोघांचंही, सगळ्या वयांत, दहा.

“आजोबा, हा चक्क फ्रॉड आहे,” श्रद्धा म्हणाली. आजीला कोरा फॉर्म देऊन ती मैत्रिणीकडे निघून गेली.

रंगराव पेपर वाचायचं सोंग करत बसले. शेहेचाळीस वर्षांच्या संसाराचा निकाल स्वयंपाकघरात लागत होता आणि आपण नापास होऊ, अशी त्यांना खरीच भीती वाटली. शेवटी न राहवून त्यांनी आत जाऊन कागद उचलला.

प्रेमाची रीत, व्यवहारी. विसाव्या वर्षी तीन. तिशीत दोन, चाळिशीतही दोनच. पन्नाशीत चार. साठाव्या वर्षी दहा.

रंगरावांची छाती फुगली. मग लक्षात आलं, साठावं म्हणजे ते स्वतः अमेरिकेत होते ते वर्ष.

“मी नव्हतो म्हणून दहा?”

“घर शांत होतं, खोटं कशाला बोलू,” गोदाबाई म्हणाल्या. “पण दहा त्याचे नाहीत. दर शनिवारी तुमचा फोन यायचा. आधी विचारायचात, जेवलीस का. मी सकाळपासून फोनपाशी घुटमळायचे, कॉलेजातल्या पोरीसारखी. इथं असताना एकदाही विचारलं नाहीत.”

रंगरावांना फार वाईट वाटलं. त्यांनी पोळ्यांचा डबा उघडला. आत गोदाबाईंसाठी उरलेली एकच पोळी होती, तीही करपलेली.

“कणीक कुठे असते?”

“शोधा की,” म्हणून गोदाबाई स्टुलावर बसून राहिल्या. आजच्या वयाचा रकाना त्यांनी अजून भरला नव्हता.