‘क्ष’पुढचे पर्याय

अक्षया फाळके यंदा यूपीएससीच्या मुख्य परीक्षेला बसली नाही. पण हे वाक्य आपण वाचलंच नाही असं धरू. दिल्लीत, क्लासवाल्यांच्या जुन्या राजेंद्रनगरात सगळे तसंच धरून चालतात. शिवाय गोष्ट सुरू होते तेव्हा परीक्षेला अजून अकरा दिवस होते, आणि अक्षया बसणारच होती.

पूर्वपरीक्षा पास झाली म्हणून क्लासने तिची मुलाखत यूट्यूबवर टाकली होती. त्यातला चेहरा कुणीतरी उचलला आणि दुसऱ्याच बाईच्या उघड्या अंगावर बसवला. सतरा सेकंदांची क्लिप. नाव दिलं ‘भावी कलेक्टर’. दोन दिवसांत ती प्रत्येक लायब्ररीत पोचली. इतक्या वेगाने तिथे नोट्ससुद्धा फिरत नाहीत.

एका स्थानिक नेत्याने लगेच निषेधाचा फ्लेक्स लावला: ‘बेटी का अपमान नहीं सहेंगे’. शेजारी अक्षयाचा हसरा फोटो, सहा फुटी. बेटी कोण हे ज्यांना ठाऊक नव्हतं, त्यांचीही सोय झाली.

अक्षयाला भीती एकच होती: वडिलांना कळलं तर ते गावी परांड्याला परत नेतील. ती क्लासच्या जयंत सरांकडे गेली. सर तीन पिढ्यांचे दिल्लीकर. मराठी फक्त समजूत काढायला वापरायचे.

“सर, मूळ मुलाखत तरी काढा. लोक क्लिप बघून ती शोधत येतात.”

“अच्छा, म्हणून! मी म्हटलं, एकदम साडेचार लाख व्ह्यूज कसे?” सर म्हणाले. “पण काढू कशी, यार? खाली अ‍ॅडमिशनचा नंबर आहे ना.” मग त्यांचा चेहरा उजळला. “केस स्टडी मात्र छान आहे हं, बेटा.”

रविवारी एथिक्सच्या सराव पेपरात सातवा प्रश्न म्हणून ती केस आली. ‘क्ष ही तरुण उमेदवार आहे. तिची बनावट अश्लील चित्रफीत पसरली आहे. क्षपुढील पर्याय सांगा. गुण वीस.’ हॉलमधल्या दोनशे जणांनी एकदा वळून तिच्याकडे पाहिलं आणि सगळे खाली मान घालून लिहायला लागले. अक्षयानेही लिहिलं: क्ष परीक्षा देईल, लाज बघणाऱ्यांना वाटू दे. तिला सहा मिळाले. शेरा: ‘उत्तर भावनिक. सर्व हितधारकांचा विचार नाही.’

सोबत आदर्श उत्तर वाटलं गेलं. क्षने वातावरण जपण्यासाठी वर्षभर सन्मानाने माघार घ्यावी. समाजाने तिला सहानुभूतीपूर्वक मदत करावी.

मदत दुसऱ्याच दिवशी सुरू झाली. लायब्ररीवाल्याने तिची भाड्याची खुर्ची सहानुभूतीपूर्वक उचलून नेली. मेसमध्ये शेजारचे तिघे सन्मानाने उठून गेले. खोलीवर आली तर रूममेट शिवांगी अक्षयाची बॅग भरत होती.

“काय चाललंय गं?”

“आदर्श उत्तर, पॉइंट तीन. सहाध्यायींची भूमिका,” शिवांगी ओढण्यांच्या घड्या घालत म्हणाली. “मला अठरा पडले त्यात.”

तेवढ्यात वडिलांचा फोन आला.

“बाळा, तुझ्या सरांशी बोलणं झालं. भला माणूस. सगळे मुद्दे क्रमाने सांगितले. त्या क्लिपची लिंकपण पाठवली.”

“तुम्ही उघडली, बाबा?”

“उद्याचं तिकीट काढलंय,” ते म्हणाले.

अक्षया भरलेल्या बॅगेवर बसली आणि तिने क्लासच्या परीक्षा विभागाला अर्ज लिहिला:

‘तरी प्रश्न क्रमांक सात रद्द करून, त्याचे उत्तर लिहिणाऱ्या दोनशे भावी अधिकाऱ्यांना, तसेच अर्जदाराच्या वडिलांना, सदर चित्रफीत व आदर्श उत्तर मुख्य परीक्षेपूर्वी विसरण्याचे लेखी आदेश व्हावेत, ही नम्र विनंती.’