नऊ नंबरचा रंग

डॉक्टरांनी फाईल मिटली आणि ते म्हणाले, "आता दर महिन्याला आणायची गरज नाही. यापुढे सुधारणा होईल असं मला वाटत नाही, पगारे. ताप आला, धाप लागली, तर मात्र लगेच घेऊन या."

हिरामण पगाऱ्यांनी पाटबंधारे खात्यात बत्तीस वर्षं कारकुनी केली होती. फाईल मिटणं म्हणजे काय, हे त्यांना कुणी समजावून सांगायला नको होतं. ते केबिनबाहेर आले तेव्हा त्यांची बायको लताबाई चाकाच्या खुर्चीतल्या मुलाच्या, सनीच्या, हनुवटीवरची लाळ पुसत होत्या.

"काय म्हणाले?"

"आता दर महिन्याला यायची गरज नाही म्हणाले. ताप आला, धाप लागली, तर मात्र लगेच या म्हणाले."

लताबाईंचा चेहरा उजळला. "बघा! मी म्हणत नव्हते? परवा त्याने माझ्याकडे मान वळवली होती."

शब्द डॉक्टरांचेच होते, मधलं एक वाक्य तेवढं पगाऱ्यांनी गाळलं होतं. रिक्षात ते वाक्य सांगू, म्हणून ते थांबले. रिक्षात लताबाई सनीला सांगत होत्या, "जयंतीपर्यंत तू बसता होशील की नाही बघ. चौदा एप्रिलला तुला खाली मिरवणूक बघायला नेणार मी." मग घरी गेल्यावर सांगू, असं पगारे मनाशी म्हणाले. घरीही राहून गेलं.

सनी सत्तावीस वर्षांचा होता तेव्हा सातपूरहून घरी येताना टेम्पोने त्याला मागून उडवलं. त्याला आता दोन वर्षं होत आली होती. डोळे उघडायचा, मिटायचा, जांभई द्यायचा. नाकातून घातलेल्या नळीने त्याला पेज, दूध, औषध द्यायचं. पण बघतोय असं वाटावं तर नजर कुणावरच थांबायची नाही.

त्या दिवशी दुपारी पगारे स्टुलावर चढले आणि त्यांनी कपाटावरचा खोका खाली काढला. का काढला, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. हाताला काहीतरी काम हवं होतं, एवढं खरं.

खोक्यात गाडी होती. म्हणजे गाडीचे तुकडे होते. सनीला प्लास्टिकच्या छोट्या गाड्या बांधायचा नाद होता. जपानहून किट मागवायचा, एकेक भाग कापून, घासून, चिकटवून हुबेहूब गाडी उभी करायचा आणि मग तिला कुणाच्याच गाडीला नसेल असा रंग स्वतः बनवून मारायचा. शोकेसमध्ये अशा अकरा गाड्या होत्या. ही बारावी, दोन दारांची जुन्या धाटणीची जपानी गाडी. खालचा सांगाडा आणि इंजिन त्याने जोडलं होतं, बाकी सगळं पांढऱ्या प्लास्टिकच्या जाळीला तसंच लटकलेलं होतं.

पगाऱ्यांना हा नाद कधी पटला नव्हता. पाहुण्यांसमोर एकदा ते म्हणाले होते, "घोडा झालाय, लग्नाचं वय निघून चाललंय, आणि साहेब गाड्या खेळतात." सनी हसला नव्हता की चिडला नव्हता. "खेळत नाही पप्पा, बनवतो," एवढंच म्हणून तो आत निघून गेला होता. हे वाक्य पगाऱ्यांना अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकड्यावर आठवलं, आणि त्यानंतर ते डोक्यातून गेलंच नाही.

त्यांनी सनीच्या पलंगाशेजारी टेबल ओढलं. माहितीचा कागद जपानीत होता, पण चित्रं आणि आकडे होते. पहिल्या दिवशी नेलकटरने दोन भाग कापले आणि त्यातला एक मोडला. दुसऱ्या दिवशी मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकले की भाग जाळीपासून थोडा लांब कापायचा आणि उरलेला खुंट मग पॉलिश पेपरने घासायचा. चष्म्यावर आणखी एक भिंग लावलं. गोंदाचं बोट गाडीच्या समोरच्या काचेला लागलं आणि काचेवर ठसा उमटला तो उमटलाच. तो घालवायला तीन दिवस टूथपेस्टने काच घासत बसले.

"कशाला या वयात डोळे फोडून घेताय?" लताबाईंनी पहिल्या आठवड्यात विचारलं.

"त्याची अर्धी राहिलीय."

मग लताबाईंनी पुन्हा विचारलं नाही. उलट त्या स्वतःच सनीला बातम्या द्यायला लागल्या. "आज पप्पांनी सीट बसवली रे. आज स्टेअरिंग. उलटं बसवलं होतं, मीच सांगितलं." सनी छताकडे बघत असायचा. लताबाईंना त्याच्या ओठाच्या कोपऱ्यात हसू दिसायचं, पगाऱ्यांना काही दिसायचं नाही. सुटे भाग हळूहळू गाडीच्या आकाराला आले, तसं घरात बऱ्याच दिवसांनी काहीतरी पुढे सरकतंय असं मात्र दोघांनाही वाटलं.

जानेवारीच्या शेवटी बांधणी झाली. उरला रंग.

सनीच्या सामानात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. त्यात प्लास्टिकचे चौदा चमचे निघाले, आइस्क्रीमबरोबर देतात तसले. प्रत्येक चमच्याच्या खोलगट भागाला रंग मारलेला, दांड्यावर पेनने नंबर. सगळे हिरव्या-निळ्यातले, पण एकही दुसऱ्यासारखा नाही. गाडीला रंग मारायच्या आधी तो चमच्यावर मारून बघायचा. कुठला पसंत केला होता, त्याची नोंद मात्र कुठेच नव्हती. फोनमध्ये असेल तर फोन अपघाताच्या दिवशीच चिरडला होता.

"त्यालाच विचारू," लताबाई म्हणाल्या.

त्या पलंगावर बसल्या आणि एकेक चमचा त्याच्या डोळ्यांसमोर धरू लागल्या. "हा का रे? मग हा? हवा असेल तर डोळे मिट." नवव्या चमच्याला सनीच्या पापण्या मिटल्या आणि उघडल्या.

"नऊ! पाहिलंत ना?"

पगाऱ्यांनी पाहिलं होतं. पाचव्याला आणि सातव्यालाही पापण्या लवल्या होत्या, तेही पाहिलं होतं. "नऊ," ते म्हणाले. तसाही नऊ नंबरचा रंग सुरेख होता. गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला पावसाळा सरल्यावर पाण्याला येतो तसला, खोल आणि आतून चमकणारा.

सनीचा रंग फवारायचा एअरब्रश वाळलेल्या रंगाने बंद पडला होता. म्हणून पगारे वडाळा नाक्यावर मुस्तकीमकडे गेले. मुस्तकीमचं गाड्या ठोकून सरळ करायचं आणि रंगवायचं गॅरेज होतं, पगाऱ्यांची स्कूटर त्यानेच दोनदा रंगवली होती. पगाऱ्यांनी बुटाच्या खोक्यातून गाडीची बॉडी काढून त्याच्या तळहातावर ठेवली. मुस्तकीमने ती उजेडात फिरवून पाहिली.

"काका, एवढ्या लहान गाडीला कुठे ठोक लागली?"

"सनीची आहे."

मुस्तकीमचं हसू गेलं. त्याने खांद्यावरच्या फडक्याने हात पुसले. "आमचा थिनर प्लास्टिक खाईल, काका. आधी अस्तर मारावं लागेल, तेही हलक्या हाताने. आणि हवा पडलेली पाहिजे. उद्या सकाळी आठला या, झाडू मारायच्या आधी. एकदा धूळ उडाली की संपलं."

दुसऱ्या दिवशी त्याने नऊ नंबरचा चमचा दाराच्या उजेडात धरला आणि बराच वेळ बघत राहिला. मग डबे उघडले. निळा, हिरवा, थेंबभर काळा, बारीक चंदेरी. काडीने ढवळायचा, एका कोऱ्या चमच्यावर मारायचा, सुकवायचा, शेजारी धरायचा, नाही म्हणून मान हलवायचा. सहाव्या वेळी मान हलली नाही.

"पोराचा डोळा एक नंबर आहे काका," तो म्हणाला. "ह्यात त्याने काळा टाकलाय, ते वरून दिसत नाही. शोरूमवाल्यांनाही हे जमत नाही."

सनीचं असं कौतुक पगाऱ्यांनी कधी कुणाकडून ऐकलं नव्हतं, कारण ऐकावं असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

"रंगाची गन तुम्ही धरा," मुस्तकीम म्हणाला. "मी सांगतो तसं. बोट दाबायचं गाडीच्या आधी, सोडायचं गाडी संपल्यावर. मध्ये थांबायचं नाही."

पगाऱ्यांनी सगळ्यात छोटी गन धरली. हात चालू राहिला की रंग एकसारखा बसतो, असं मुस्तकीम म्हणाला आणि ते खरं निघालं. तीन हात रंगाचे, मध्ये सुकायला वेळ, मग दोन हात लॅकरचे. शेवटच्या हातानंतर मुस्तकीमने गाडी पत्र्याच्या डब्याखाली झाकून ठेवली आणि दोघं चहा प्यायले. डबा उचलला तेव्हा कुठे ओघळ नव्हता की संत्र्याच्या सालीसारखा खरखरीतपणा नव्हता. छताच्या वळणावर अख्खं दार, रस्ता, समोरचं लिंबाचं झाड उलटं दिसत होतं.

"कामाला या माझ्याकडे," मुस्तकीम म्हणाला. पगारे हसले. घरी जाताना रिक्षात खोका मांडीवर धरून ते आणखी एकदा स्वतःशीच हसले, आणि लगेच त्यांना लाज वाटली.

आठवडाभर रंग कडक होऊ दिला. मग काचा, दिवे, आरसे बसवले, पाण्यात भिजवून नंबरप्लेटचं चित्र चिकटवलं. मार्चच्या पहिल्या रविवारी सकाळी गाडी पूर्ण झाली.

लताबाईंनी सनीचं अंग पुसलं, केस विंचरले, त्याला इस्त्रीचा शर्ट घातला. पाठीमागे उशा लावून त्याला टेकवून बसवलं. पगाऱ्यांनी गाडी त्याच्या डोळ्यांसमोर धरली, डावीकडे नेली, उजवीकडे नेली. नजर जिथे होती तिथेच राहिली.

"हातात द्या ना त्याच्या," लताबाई म्हणाल्या.

पगाऱ्यांनी त्याचा उजवा हात उलटा करून गाडी तळहातावर ठेवली. सनीची बोटं हलली. हळूहळू आत वळली आणि गाडीच्या छताभोवती मिटली.

"धरली!" लताबाई ओरडल्या. "अहो, धरली त्याने! सनी! ओळखलीस का रे?"

बोटं मिटतच गेली. आधी आरसा तुटला. मग काचेशेजारचे खांब कडकड मोडले, छत खाली बसलं, समोरची काच उडून चादरीवर पडली. पगाऱ्यांनी बोटं उघडायचा प्रयत्न केला, पण ती लोखंडासारखी झाली होती. मग त्यांनी फिजिओथेरपीच्या बाईंनी शिकवलं होतं तसं मनगट आत वाकवलं, तेव्हा बोटं सैल पडली. तळहातात प्लास्टिकचा तुकडा रुतून रक्ताचा थेंब आला होता. सनीचा चेहरा जसा होता तसाच होता.

त्या बाई म्हणाल्या होत्या, तळहाताला काही लागलं की मूठ आपोआप वळते, अगदी तान्ह्या बाळासारखी, त्यात त्याचं स्वतःचं काही नसतं. त्या वेळी लताबाई सनीची पेज गाळायला स्वयंपाकघरात होत्या.

लताबाई रडत होत्या आणि हसत होत्या. "मोडली तर मोडली. दुसरी आणू. ताकद बघा केवढी आलीय त्याला!" त्यांनी मनमाडला रोहिणीला, सनीच्या बहिणीला, फोन लावला. "अगं, सनीने गाडी धरली हातात! हो, स्वतःहून! उद्याच्या उद्या ये."

पगाऱ्यांनी चादरीवरचे तुकडे वेचून खोक्यात टाकले. एक चाक पलंगाखाली गेलं, ते त्यांनी शोधलं नाही. मग गॅलरीत जाऊन उभे राहिले. मागून लताबाईंचा आवाज येत होता.

"आता कंगवा धर बरं. शाब्बास! आता हा रुमाल. शाब्बास रे माझ्या राजा!"

दुपार अशीच गेली. चारच्या सुमाराला आतला आवाज बदलला.

"सोड आता. सनी, सोड ना." थोडं थांबून, "आईचं बोट आहे रे ते. दुखतंय. सोड."

पगारे आत गेले. लताबाईंची तर्जनी सनीच्या मुठीत होती आणि टोकाला निळी पडली होती. सनी छताकडे बघत होता. पगाऱ्यांनी मनगट वाकवून बोट सोडवलं. लताबाई ते बोट दुसऱ्या हाताने धरून बसल्या.

"तुम्हाला कसं माहीत, असं वाकवलं की सुटतं?"

"फिजिओच्या बाईंनी सांगितलं होतं."

"आणखी काय सांगितलं होतं?"

पगाऱ्यांनी सांगितलं. आणि एकदा तोंड उघडलंच होतं, तर डॉक्टरांचं गाळलेलं वाक्यही सांगितलं, त्यांनी म्हटलं होतं तसंच, एकही शब्द कमी न करता.

खालच्या रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला.

"डिसेंबरात," लताबाई म्हणाल्या. "म्हणजे तीन महिने झाले."

"हो."

"मी रोज त्याला जयंतीचं सांगत होते. तुम्ही इथेच बसलेले असायचात गाडी घासत. ऐकायचात."

"हो."

"आणि पापणीचं? नऊ नंबरला मिटली ती?"

"पाचव्यालाही लवली होती, सातव्यालाही," पगारे म्हणाले. लताबाईंनी पदराने तोंड पुसलं, सनीच्या तळहातावरचा रक्ताचा डाग ओल्या कापसाने पुसला, त्यावर पट्टी लावली. सवयीने त्याच्याशी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. त्या घरात सनीच्या उशाशी अशी शांतता दोन वर्षांत पहिल्यांदाच होती.

"रोहिणीला नको म्हणून कळवू का?" पगाऱ्यांनी विचारलं.

"येऊ दे. तिला तुम्हीच सांगा. मला नाही जमणार." त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "साडेचार झाले. कूस बदलायची राहिली, पाठ लाल होईल त्याची."

पगाऱ्यांनी खांद्याला धरलं, लताबाईंनी कमरेला, आणि दोघांनी मिळून सनीला भिंतीकडे तोंड करून वळवलं.