सालीत कमावलेलं चामडं

सुनेनं चामड्याची बोटभर पट्टी गरम पाण्यात सोडली आणि शेगडी बारीक केली. थर्मामीटर पंच्याहत्तरवर होता.

"बारीक कशाला? उकळी येऊ दे की," सासरे म्हणाले. सगळे त्यांना वस्ताद म्हणत. चाळीस वर्षं क्रोमच्या रसायनात कातडी कमावलेला माणूस. त्यांच्या लेखी परीक्षा एकच. पट्टी उकळत्या पाण्यात टाकायची. आखडली तर चामडं कच्चं.

"बाबा, ती क्रोमची परीक्षा. डाळिंबाच्या सालीत कमावलेलं चामडं उकळत्या पाण्यात आखडणारच, कितीही पक्कं असो. ते इतक्यावर टिकलं की झालं."

तिनं चिमट्यानं पट्टी बाहेर काढली. होती तेवढीच, सरळ, बदामी रंगाची.

वस्तादांनी ती हातात घेतली आणि स्टुलावर बसून उलटसुलट करून पाहिली.

तीन वर्षांपूर्वी मुलानं अशीच पट्टी आणली होती. रसाच्या कारखान्यानं फेकलेल्या साली तो गोण्या भरभरून आणायचा. म्हणायचा, बाबा, आपलं हे विषारी पाणी बंद करू. वस्तादांनी कारागिरांना गोळा केलं आणि पट्टी उकळत्या पाण्यात टाकली. तिची गुंडाळी झाली.

"घ्या! बाप पावसात बूट घालून जाईल आणि पोराच्या मापाचा घेऊन येईल!"

जिभेला हाड नव्हतंच त्यांच्या. सगळे पोट धरधरून हसले. मुलगाही हसला. दुसऱ्या दिवसापासून मुकाट्यानं क्रोमच्या कामाला लागला, आणि वर्षाच्या आत सांडपाण्याच्या टाकीत साफसफाईला उतरला तो विषारी वायूनं गुदमरून तिथंच गेला.

"ही परीक्षा क्रोमची, हे त्याला ठाऊक नव्हतं ना गं?" वस्तादांनी विचारलं. "नसणारच. असतं तर बोलला असता."

सून चिमटा पुसत राहिली.

"सांग की!"

"ठाऊक होतं. घरी येऊन म्हणाले, बाबा चारचौघांत बोलून बसलेत, आता खोडून काढलं तर त्यांचा मान जाईल. थोडे दिवस जाऊ देत, मग मीच सांगेन."

वस्ताद उठले. पट्टी घेऊन दारापर्यंत गेले. बाहेर कारागीर जेवायला बसत होते.

"अरे, इकडे या सगळे."

डबे तसेच ठेवून ते आले. वस्तादांनी ओली पट्टी सगळ्यांना दिसेल अशी धरली.

"पोराचं चामडं पक्कं होतं रे," ते म्हणाले. "मलाच पारखता आलं नाही."