खिरीचं पथ्य

उषाकाकूंनी पिशवीतून दोन खोकी काढली, औषधाच्या दुकानातल्या काउंटरच्या काचेवर एकावर एक ठेवली आणि तृप्तीकडे सरकवली.

"हे वापस घे गं. उघडलेलं नाहीये. सील बघून घे."

तृप्तीने सील पाहिलं नाही. वरच्या खोक्यावर तिच्याच हातची चिठ्ठी चिकटवलेली होती, सकाळी एकदा, रात्री एकदा. काल संध्याकाळी काकूंचा मुलगा रोहित ऑफिसातून येताना दम्याचा रोज घ्यायचा पंप आणि त्याला जोडायचं प्लास्टिकचं नळकांडं घेऊन गेला होता. त्याच्या मुलीसाठी, सायलीसाठी. सायली आता आजीचा पदर धरून उभी होती आणि काउंटरवरच्या चघळायच्या गोळ्यांच्या बरणीकडे बघत होती.

"रोहितला माहीत आहे, काकू?"

"संध्याकाळी सांगेन. दिवसभर पोर कुणाजवळ असते? त्याच्याजवळ की माझ्याजवळ?"

बाजूच्या स्टुलावर बसलेला रितेश हसला. पंप बनवणाऱ्या कंपनीचा तो माणूस, ऑर्डर घ्यायला खंडव्याहून यायचा.

"बघा मॅडम, मी काय म्हणत होतो? सगळीकडे पंपाचं मार्केट वर चाललंय, आणि बुऱ्हाणपूरला कोजागिरीची दम्यावरची खीर आली की माझा सेल धडाम. अब सर को क्या बोलूँ, खीर से कॉम्पिटिशन है?"

"तुझ्या सरांना म्हणावं, या आणि खाऊन बघा," काकू म्हणाल्या. "फुकट मिळते. तुमच्यासारखं नाही."

रितेशने दोन्ही कान पकडले आणि बॅग उचलली. जाताना नमुन्याचा पंप काउंटरवर ठेवून गेला. आत औषध नसलेला, नुसता दाखवण्यासाठी.

त्याचं म्हणणं अर्धंच खरं होतं. निळा पंप बुधवारा पेठेत बारा महिने खपायचा. यंत्रमागाच्या गल्ल्यांमधून, जिनिंगमधून, कापसाची पिंज छातीत घेऊन आलेली माणसं तो मागून न्यायची, कारण ओढला की घटकाभरात श्वास मोकळा व्हायचा. रोज घ्यायचा पंप मात्र कुणाला नको असे. श्वासनळ्यांची आतली सूज तोच उतरवतो, निळा नुसता वेळ निभावून नेतो. डॉक्टरही आता नुसत्या निळ्यावर राहू नका म्हणून बजावतात. हे सगळं तृप्ती रोज कुणाला ना कुणाला समजावून सांगे. लोक ऐकून घेत, मान डोलावत आणि म्हणत, निळाच द्या, त्या रोजच्याची सवय लागते म्हणतात.

"खीरही द्या आणि हेही चालू ठेवा, काकू," ती म्हणाली. "एकाने दुसऱ्याचं काही बिघडत नाही."

"दोन दगडांवर पाय ठेवून भागत नाही. खीर देतात त्या नदीकाठच्या मठात पहिली अट तीच. कोजागिरीच्या आधी आठ दिवस दुसरी दवाई बंद." काकू एकेक बोट दुमडत मोजू लागल्या. "केळं नाही. दही नाही. आंबट नाही. रात्रभर जागायचं, पहाटे चांदण्यातली खीर उपाशीपोटी खायची. आणि मग रोज तीन चुळा भरायच्या."

तृप्तीचा हात खोक्यावर थांबला.

"चुळा कशाच्या?"

"हे मी कुणाला सांगत नाही. महाराजांनी फक्त यांनाच सांगितलं होतं म्हणे. तोंडात पाणी घेऊन खुळखुळायचं आणि थुंकायचं. इतर दिवशी सकाळी फिरून येतानाच कुठेतरी उरकून यायचे. रविवारी मात्र परसातल्या नळावर, न चुकता. मी हसायचे, म्हणायचे, देवालासुद्धा सुट्टी असते हो, तुमच्या पथ्याला नाही."

रविवारी तृप्तीचं दुकान बंद असे.

इतर दिवशी सकाळी काकूंचे यजमान वसंतकाका काउंटरची फळी उचलून आत येत. मागच्या बाजूला इन्सुलिनचा फ्रिज होता, त्याच्या आड भिंतीकडे तोंड करून उभे राहत. फ्रिजवरच्या डब्यात त्यांचा पंप असे. तो घेत, बाहेर येऊन मोरीत चुळा भरत आणि समोरच्या गाडीवरून एक केळं घेऊन तिथंच सोलून खात. शनिवारी पंप खिशात घालून नेत, सोमवारी परत आणत. गेल्या उन्हाळ्यात झोपेतच त्यांचं हृदय थांबलं तो रविवार होता, आणि पंप घरात कुठे राहिला हे विचारायची सोय तृप्तीला नव्हती.

एकदा तिने त्यांना विचारलं होतं, काकूंना सांगत का नाही? डोक्यावरची टोपी नीट करत ते म्हणाले होते, "अगं, रोहित लहान होता तेव्हा मी एकदा घरात पार निळा पडलो. ती एकटीच होती. नुसती बघत बसली, काही करता आलं नाही तिला. ते तिच्या मनातून कधी गेलं नाही. मग पुढे कधीतरी खीर आली. आता तिला वाटतं, आपण काहीतरी केलं. ते मी कशाला काढून घेऊ?" आणि फळी खाली टाकता टाकता म्हणाले, "मी गेलो तरी बोलू नकोस."

तृप्तीने हो म्हटलं होतं.

"यांच्या वेळी डॉक्टरांनी हात टेकले होते," काकू सांगत होत्या. "तू नवीन होतीस तेव्हा. बारा वर्षं काढली त्या खिरीवर. पुन्हा तसा दम कधी लागला नाही. आणि मी केळं सोडलं. बहादरपूरची मुलगी मी, माहेरी ओसरीवर घड लटकत असायचे. यांना पथ्य, तर मलाही पथ्य म्हटलं. हे गेले, तरी मी तोंडाला लावलं नाही." त्यांनी सायलीच्या केसांतून हात फिरवला. "आपल्या हातात काय असतं गं? स्वयंपाक, धुणं. पण तेवढं एक माझ्या हातून झालं. आता हिचं करते."

सायलीने मान वर केली तेव्हा तृप्तीला तिचा गळा दिसला. दोन हाडांमधली खळी प्रत्येक श्वासाला आत ओढली जात होती. बाहेरच्या रिक्षांच्या आवाजातूनही एक बारीक शिट्टी ऐकू येत होती. पोरीला तिची इतकी सवय झाली होती की ती बरणीतल्या गोळ्यांचे रंग बघत उभी होती.

आठ दिवस. मग उघड्यावर, नदीकाठच्या गारठ्यात एक रात्र.

"रोज रात्री खोकते का?"

"मावशी, मी झोपतच नाही," सायली म्हणाली. "बसूनच असते. आजी पाठ चोळते."

तृप्तीने खोकी बाजूला घेतली. रितेशचा रिकामा पंप उचलला, त्याला दुकानात दाखवायला ठेवलेलं नळकांडं जोडलं.

"हिला बघायचं असेल तर दाखवते नुसतं. यात औषध नाहीये, काकू."

"दाखव. पण ती घेणार नाही हं."

"सायली, इकडे बघ. आधी हलवायचा. सगळा श्वास सोडायचा. हे ओठांत घट्ट धरायचं. मग हे दाबायचं आणि हळूहळू आत घ्यायचं. घाई करायची नाही."

सायलीने केलं. पहिल्यांदा हसू आलं म्हणून फसलं. दुसऱ्यांदा नीट जमलं.

"शाब्बास."

एवढ्यावर थांबता आलं असतं. तृप्तीने पंपाचं टोपण लावलं, पुन्हा काढलं. पुढचं वाक्य ती प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत असे. ते न सांगता तिने आजवर हा पंप कुणाच्या हातात दिला नव्हता. तिने काकूंकडे बघायचं टाळलं.

"आणि प्रत्येक वेळी, पंप घेऊन झाला की लगेच, तोंडात पाणी घ्यायचं," ती म्हणाली. "खुळखुळायचं आणि थुंकून टाकायचं. तीनदा. नाहीतर औषध तोंडात राहून पांढरे चट्टे पडतात."

"आजोबांसारखं!" सायली म्हणाली. "आजी, आजोबा असंच करायचे ना, नळावर?"

काकूंच्या एका हाताची बोटं अजून दुमडलेलीच होती, पथ्यं मोजताना दुमडली होती तशी. एक गिऱ्हाईक आलं, तापाची गोळी घेऊन गेलं. काकू तिथंच उभ्या होत्या.

"इथं यायचे?"

"हो."

"थंडीतपण?"

"टोपी घालून."

"कुठं उभे राहायचे?"

तृप्तीने फळी उचलली. काकू आत गेल्या, फ्रिजच्या आड, भिंतीकडे तोंड करून. वर औषध कंपनीचं जुनं कॅलेंडर होतं, त्याच्या कोपऱ्याला हाताच्या उंचीवर तेलकट डाग पडला होता. काकूंनी त्यावर तळहात ठेवला. पाठमोऱ्या त्यांचे खांदे हलतात का, हे बघावं लागू नये म्हणून तृप्ती स्वतःच वळली आणि रचलेल्या पाकिटांची रांग पुन्हा रचत बसली.

"त्यांनी सांगू नको म्हटलं होतं, काकू."

"म्हणणारच."

बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा पुसलेला होता. मोरीकडे बघितलं. मग रस्त्यापलीकडच्या केळ्याच्या गाडीकडे बघितलं, बराच वेळ.

"खिशात साली सापडायच्या," त्या म्हणाल्या. "धुवायला टाकताना. म्हणायचे, रस्त्यात गाय दिसली तर द्यायला ठेवतो."

तृप्तीने बाजूला ठेवलेली खोकी पुढे सरकवली. काकूंनी दोन्ही खोकी पिशवीत टाकली. पंपाचं वर, नळकांड्याचं खाली.

"रात्रीचं जेवायच्या आधी की नंतर?"

"कधीही चालेल. फक्त चुळा..."

"ते मला माहीत आहे."

दोघी रस्ता ओलांडून गेल्या. गाडीपाशी काकू थांबल्या. एकच केळं घेतलं, सोलून सायलीच्या हातात दिलं. पोरीने एक घास घेतला आणि उरलेलं आजीच्या तोंडापाशी नेलं. काकूंनी मान हलवली.

"तू खा. माझं सोडलेलं आहे."

सायलीने खाऊन साल टाकायला हात उचलला, तेव्हा काकूंनी ती तिच्या हातातून घेतली, नीट घडी केली आणि पिशवीत, खोक्यांच्या शेजारी ठेवली.