नारळ ज्या मशीनसमोर उभा राहिला

धुण्याच्या मशीनला झेंडूचा हार घातलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. शहागंजाच्या बाजारात विश्वजितच्या मशीनच्या दुकानासमोर एवढी गर्दी होती, की मागच्यांना वाटत होतं आत पाण्याचा टँकरच आला आहे. दोघीतिघी रिकाम्या घागरी घेऊन उभ्याही होत्या. दुष्काळाचं ते दुसरं वर्ष. गर्दी दिसली की आधी नंबर लावायचा आणि मग कशाची गर्दी ते विचारायचं, अशी शहराला सवय लागली होती.

आत पाणी नव्हतं, पाणाड्या होता. लासूर स्टेशनकडचे काकासाहेब. तळहातावर आडवा नारळ ठेवून रानात फिरायचं आणि जिथं तो आपोआप उभा राहील तिथं बोअर पाडायला सांगायचं, हा त्यांचा धंदा. पण त्या वर्षी जमिनीनंच हात वर केले होते. नारळ उभा राहायचा आणि बोअरमधून फुफाटा निघायचा. मग काकासाहेबांनी रान सोडून दुकान धरलं. आता त्यांचा नारळ कुणाच्या घराला कोणतं वॉशिंग मशीन लाभेल ते दाखवत होता.

"माउली, यंत्राला पाणी लागतं का नाय?" काकासाहेबांनी विचारलं.

"व्हय!" गर्दी म्हणाली.

"मंग ज्या यंत्राचं पाण्याशी लगीन लागलेलं हाय, त्येच घरात टिकणार. बाकीचा निस्ता पत्रा! कंपनी गॅरंटी देती दोन सालाची. माझा नारळ देतो सात पिढ्यांची!"

सात पिढ्या एकच मशीन, म्हणजे दुरुस्तीवाल्याच्याही सात पिढ्यांची सोय झाली, असं माझ्या मनात आलं. पण माझ्या बाजूला आमचे शेजारी सदाशिवराव हात जोडून उभे होते.

शहराच्या कडेला सातारा परिसर नावाची वस्ती आहे, तिथं माझं औषधांचं दुकान आहे. सदाशिवरावांचं घर त्याला लागूनच. बँकेतून निवृत्त झालेला, दुसऱ्याची सही तीनदा तपासल्याशिवाय पैसे न देणारा माणूस. त्यांच्या पत्नी कालिंदीताई शाळेत विज्ञान शिकवतात. मुलगा मिहिर वाळूजच्या कारखान्यात, त्याचे कपडे ग्रीसनं माखलेले. आमच्या भागात नळ नव्हता. टँकर यायचा, दारातल्या पिंपात पाणी ओतून जायचा. बाकी वापराला बोअरचं जड पाणी, ज्यात साबणाला फेस यायचा नाही आणि हाताला मात्र भेगा पडायच्या.

कालिंदीताईंच्या तळहातांची चाळण झाली होती. मलम माझ्याच दुकानातून जायचं, म्हणून मला ठाऊक. खडूची भुकटी भेगांत गेली की त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. डॉक्टरांनी बजावलं होतं, साबणाच्या पाण्यात हात घालणं बंद, नाहीतर बोटं कायमची आखडतील. जूनमध्ये शाळा उघडेपर्यंत हात बरे झाले नाहीत तर राजीनामा द्यायचा, हे त्यांनी मनाशी ठरवलं होतं. मलम घेताना त्यांनीच ते मला सांगितलं होतं. घरात दोन धट्टेकट्टे पुरुष होते, पण बादलीत हात घालायला दोघांनाही मुहूर्त सापडत नव्हता.

म्हणून मशीन घ्यायचं. पहिलं मशीन मेव्हण्याच्या सल्ल्यानं घेतलं होतं, ते क्षार साचून वर्षभरात गेलं. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो. सदाशिवराव नारळ फुंकायला निघाले! कारण आमच्या कॉलनीची बोअर काकासाहेबांनीच दाखवली होती. त्याआधीच्या चार कोरड्या गेल्या त्याही त्यांनीच दाखवल्या होत्या, पण त्यांची आठवण कॉलनीत कुणालाच नव्हती. पाचवीला करंगळीएवढी धार लागली आणि काकासाहेब जलतपस्वी झाले.

सदाशिवरावांचं नाव, रास, दाराची दिशा विचारून झाली. काकासाहेब डोळे अर्धवट मिटून मशीनच्या रांगेतून चालू लागले. हार घातलेल्या जोडीपाशी पोचताच नारळ टुणकन उभा राहिला. समोरून दार उघडणारं मोठं मशीन आणि त्याच्याच मापाचा कपडे वाळवणारा ड्रायर. आधीच्या गिऱ्हाइकालाही हीच जोडी लाभली होती. राशी वेगळ्या, लाभ एकच.

"बोला, वरुणराजाऽऽ!" काकासाहेब गरजले. घागरी खाली ठेवून बायकांनी हात जोडले. त्यांतल्या आक्काबाईंनी तर ड्रायरच्या पाया पडून घेतलं.

"विश्वजित," मागून कालिंदीताईंचा आवाज आला, "याला नळाचं सलग पाणी लागतं ना?"

"लागतं, काकू. थोडा प्रेशर पाहिजे."

"आमच्याकडे नळच नाही. बादलीनं ओतलं तर चालेल?"

"नाही चालत," विश्वजितनं मान खाली घातली.

"आणि हा ड्रायर कशाला? आमच्या गच्चीवर शेवटचा टॉवेल वाळत घालेपर्यंत पहिल्याचा पापड झालेला असतो."

"कालिंदी, देवाच्या कामात…" सदाशिवराव कुजबुजले.

"ताई," काकासाहेबांनी नारळ छातीशी धरला, "शंका घेतली की नारळ रुसतो."

"रुसू द्या, समजूत काढू. मला एक सांगा, तुमचा नारळ तीनशे फूट खालचं पाणी ओळखतो?"

"चारशे बी ओळखतो!"

"मग मशीनच्या झाकणाखालचं ओळखेल?"

सगळे काकासाहेबांकडे बघू लागले. पाणाड्यानं पाण्याला नाही कसं म्हणायचं? "त्यात काय लई मोठं!" ते म्हणाले आणि तिथंच अडकले.

कालिंदीताईंनी सगळ्यांना बाहेर काढलं, विश्वजितलासुद्धा; मला तेवढं मदतीला ठेवलं. शटर अर्धं ओढलं. दुकानाच्या मागच्या मोरीतून मी बादलीभर पाणी आणलं आणि त्यांनी दाखवलेल्या मशीनमध्ये ओतलं. कोपऱ्यातलं, धूळ बसलेलं, दोन टाक्यांचं साधं मशीन होतं ते. मी खालची फरशी कोरडी पुसली. मग कालिंदीताईंनी एका हातातला सुती मोजा काढून बादलीच्या तळाशी उरलेल्या पाण्यात बोटं बुडवली, हार घातलेल्या ड्रायरसमोर चार थेंब शिंपडले, एकदा चुरचुरलं म्हणून बोटांवर फुंकर घातली आणि मोजा पुन्हा चढवला.

"आता तुम्ही बाहेर जा," त्या मला म्हणाल्या. "ज्याला माहीत असतं त्याचा चेहरा चहाड्या करतो." स्वतः त्या शिक्षा झालेल्या मुलीसारख्या भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

शटर वर करून मी बाहेर आलो, काकासाहेब एकटेच आत गेले आणि काचेबाहेरून मी त्यांची पाठ बघू लागलो. मंत्र आभाळातल्या वरुणाचा चालला होता, पण मान मात्र फरशीकडे. एक मशीन झालं, दुसरं झालं. ड्रायरसमोर पाय थबकले, आणि नारळ उभा!

बाहेर टाळ्यांचा कडकडाट झाला. सदाशिवरावांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू तो नारळ त्यांनीच उभा केला होता.

"उघड, विश्वजित," कालिंदीताई म्हणाल्या.

ड्रायर उघडला. आत थर्माकोलचा तुकडा आणि प्लॅस्टिकच्या पिशवीतलं गॅरंटी कार्ड. दोन्ही कोरडी ठणठणीत. मग त्यांनी कोपऱ्यातल्या मशीनचं झाकण उचलून ते जरा हलवलं. पाण्याचा आवाज झाला. त्या वर्षी तो आवाज ओळखायला कुणाला नारळ लागत नव्हता.

"ह्ये… ह्ये यंत्रानं पाणी हलवलं आसंल," काकासाहेब म्हणाले.

"पाणी पहिल्यापासून इथंच होतं. ड्रायरसमोर थेंब मीच टाकले होते. नारळाला डोळे नसतात, काकासाहेब. थेंब तुम्ही पाहिले. रानात गेलात की उंबर बघता, शेजारची विहीर बघता, आणि अंदाज बांधता. कधी लागतो, कधी हुकतो. लागला की नारळाचा प्रताप आणि हुकला की मालकाचं नशीब!"

"पण कालिंदी, नारळ उभा राहतो ना! माझ्या डोळ्यांनी बघितला," सदाशिवराव कळवळून म्हणाले.

"द्या इकडं."

हातातले सुती मोजे त्यांनी काढले आणि नारळ तळहातावर आडवा ठेवला. शेंडी बोटांकडे, बूड मनगटाजवळच्या उंचवट्याला टेकलेलं. "आता चालायचं. चालताना हात हलतोच. बोटं जराशी वर आली की शेंडीची बाजू उचलली जाते आणि नारळ बुडावर बसतो. मनात 'इथंच' असं असलं की बोटं आपोआप वर येतात, आपलं आपल्यालाही कळत नाही. रानात काकासाहेबांनाही ते खरंच वाटत असेल."

त्या दोन पावलं चालल्या. नारळ उभा राहिला.

"अगं बया!" आक्काबाई ओरडल्या. सगळे नारळाकडे बघत होते. सदाशिवराव मात्र त्याच्या खाली बघत होते. बोटं वाकवताना एक भेग उकलली होती आणि रक्ताची बारीक रेघ मनगटाकडे चालली होती. त्याच हातानं वाढलेलं ते रोज दोन वेळा जेवत होते.

"कालिंदी… एवढं झालंय?"

"नारळ बघा, नारळ."

"नको," ते म्हणाले. "नारळ पुष्कळ बघितला." त्यांनी तो उचलून बाजूला ठेवला आणि खिशातला रुमाल कालिंदीताईंच्या हाताला बांधला. एवढ्या लोकांत त्यांनी बायकोचा हात धरलेला मी तरी कधी पाहिला नव्हता.

मग काय! आक्काबाईंनी नारळ घेतला, चार पावलं टाकली आणि तो उभा राहिला. "म्या बी म्हाराज झाले की गं!" पाठोपाठ सगळ्यांनी रांग लावली. दहा मिनिटांत शहागंजात जलतपस्वींचा सुकाळ झाला.

विश्वजित कान पकडून म्हणाला, "काकू, नळाला पाणी नाही तर ही जोडी घेणार कोण? माल पडून होता. म्हणून काकासाहेबांना बोलावलं. गलती झाली."

काकासाहेब नारळ शोधत होते. "ताई, पोटाचा सवाल हाय."

"मग शहाळी विका," कालिंदीताई म्हणाल्या. "त्यात पाणी नक्की असतं."

ते हसले. चिडायला हवं होतं, पण हसले.

त्यानंतर सदाशिवरावांमधला बँकवाला जागा झाला. जड पाण्यात हे किती दिवस टिकेल? क्षार काढायला काय टाकायचं? सुटे भाग इथं मिळतात का? दुरुस्तीवाला आमच्या भागात येतो की नुसता "निघालोय" म्हणतो? सगळं विचारून कोपऱ्यातलं ते दोन टाक्यांचंच मशीन ठरलं. बादलीनं पाणी ओता, धुवा, ज्याला आपण घरात ड्रायर म्हणतो त्या टाकीत पिळा आणि खळबळून उरलेलं पाणी पुढच्या कपड्यांना वापरा. वाळवायला मराठवाड्याचं ऊन फुकट आहे.

मशीन घरी यायला आठवडा लागला. त्या आठवड्यात आमच्या गल्लीनं खरा चमत्कार पाहिला. सदाशिवराव बादलीपाशी पाटावर बसून मिहिरचा ग्रीसचा शर्ट घासत होते आणि मिहिर पिळत होता. नारळाशिवाय, मुहूर्ताशिवाय. मशीन येण्याआधीच कालिंदीताईंच्या भेगा भरायला लागल्या.

तेव्हा मंडळी, मशीन घ्यायला जाल तेव्हा आधी आपल्या पाण्याचा विचार करा. दुकानदाराला खोदून खोदून विचारा. कुणी चमत्कार दाखवला तर तोच चमत्कार झाकणं लावून पुन्हा करायला सांगा. आणि या सगळ्याच्या आधी, आजवर घरचं धुणं ज्या हातांनी धुतलं ते हात एकदा उघडून बघा. सदाशिवरावांना ते बघायला शहागंजापर्यंत जावं लागलं.

जूनमध्ये शाळा उघडली. कालिंदीताईंनी राजीनामा दिला नाही. पहिल्या दिवशी त्यांनी टेबलावर एक नारळ ठेवला, खडू उचलला आणि फळ्यावर लिहिलं, 'हा उभा कसा राहतो?'